भरून उतरणारी गाडी

ज्या माणसाचं माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे त्याचं नाव नरसोजीराव मोहिते. ते माझे शिक्षक नव्हते, साहेब नव्हते, नात्यातलेही नव्हते. संडूरकडच्या डोंगरातल्या एका लोखंडाच्या खाणीत ते पन्नास टनांचा डंपर चालवायचे. आम्ही आयुष्यात फक्त दोनदा भेटलो. एकदा माझ्या घरी, जेवायला. दुसऱ्यांदा ते इस्पितळाच्या खाटेवर होते आणि मी समोरच्या स्टुलावर होतो.

आपल्या म्हैसूरच्या मराठी मंडळाच्या चिटणीसांनी मला सांगितलं की अंकासाठी कारखान्यातलं काहीतरी लिहा, पण बायकामाणसांनाही समजेल असं. त्यावर माझी बायको सुमन म्हणाली, "बायकांना समजतं. पुरुषच समजल्यासारखं दाखवतात." सुमन मिरजेची. लग्न होऊन इथं आली तेव्हा आमच्या घरची निम्मी कानडी मराठी ऐकून तिला वाटलं होतं, आपल्याला फसवलं. हा लेख तिनं वाचून दुरुस्त केला आहे, त्यामुळे भाषा तिची आणि चुका माझ्या.

माझे वडील म्हैसूरजवळच्या पिरियापट्टणात शिंपीकाम करत. तंबाखूचा लिलाव झाला की शेतकरी कापड घेऊन यायचे आणि दोन महिने आमच्या घरात मशीनचा आवाज थांबायचा नाही. वीस वर्षांचं गिऱ्हाईक आलं तरी वडील टेप काढून नव्यानं माप घ्यायचे. कुणी म्हणालं, "अहो, वहीत आहे की माझं माप," तर ते म्हणत, "माणूस तोच असतो हो, पोट तेच नसतं." मी कानडी शाळेत शिकलो, मास्तरांनी स्वतः फॉर्म भरून शिष्यवृत्तीला बसवलं, आणि म्हैसूरला येऊन इंजिनियर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. पदवीचा कागद घरी नेला तेव्हा वडिलांनी तो वाचला नाही, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अंगठा आणि तर्जनीत धरून त्यांनी कापड बघावं तसा तो चोळून पाहिला आणि म्हणाले, "चांगला आहे."

बेळगोळच्या रस्त्याला असलेल्या कारखान्यात मला नोकरी लागली. लोकांना वाटतं, डंपरचा कारखाना म्हणजे एका दारानं लोखंड आत जातं आणि दुसऱ्या दारानं गाडी बाहेर येते. तसं नसतं. सांगाडा आणि माल भरायचा हौदा आम्ही बनवायचो. बाकी इंजिन एकाचं, गिअरपेटी दुसऱ्याची, टायर तिसऱ्याचे, पंप, बेअरिंग, सील, नळ्या, कूलर आणखी कुणाकुणाचे. प्रत्येकाचा जाडजूड कॅटलॉग. त्यातून कुठल्या खाणीला कुठला भाग लावायचा हे ठरवणं हे आमच्या विभागाचं काम. आम्ही चौघं होतो आणि आमच्या खोलीत हातोडासुद्धा नव्हता. वर्कशॉपची माणसं आम्हाला "ग्रंथालय" म्हणायची.

एका गाडीत असे शेकडो निर्णय असतात. कोळशाच्या खाणीत धूळ बारीक, तिथं हवेचा फिल्टर वेगळा. चुनखडीचा दगड धारदार, तिथं टायरचा रबर वेगळा. खाण जितकी उंच तितकी हवा विरळ आणि इंजिनचा दम कमी. खाणवाले आमचा छापील फॉर्म भरून पाठवायचे, त्यावरून आम्ही निवड करायचो. निवड बरोबर असली तर कुणाला तुमची आठवणही येत नाही. चुकली तरच तुमचं नाव निघतं.

काही निवडी कॅटलॉग बघून होत नाहीत, हे मला दोन गोष्टींनी शिकवलं. पहिली गोष्ट ड्रायव्हरच्या खुर्चीची. परदेशी मापाची उत्तम खुर्ची आम्ही निवडली होती, खाली स्प्रिंग, वर गादी. कोळशाच्या एका खाणीतून निरोप आला की सगळ्या ड्रायव्हरांनी स्प्रिंगा काढून टाकल्या आणि गोणपाटं बांधली. आमच्या खोलीत सगळे चिडले. मी गेलो आणि एक पाळीभर त्या गाडीत बसून राहिलो. ड्रायव्हर माझ्याएवढाच, म्हणजे बुटका. ब्रेकवर पाय ठेवायचा तर त्याला खुर्चीवरून निम्मं घसरावं लागत होतं. आमची खुर्ची सहा फुटी माणसासाठी होती. ती चार बोटं खाली आणली आणि गोणपाटं सुटली.

दुसरी गोष्ट हॉर्नची. दासप्पा नावाचे एक म्हातारे दगडखाणवाले गाडी बघायला आले. पांढरं धोतर, खांद्यावर जाड टॉवेल. आमचे लोक त्यांना इंजिन दाखवतायत, ते बघेनात.

"हॉर्न वाजवा," म्हणाले.

वाजवला. दासप्पा गाडीच्या मागं जाऊन, गाडीकडं पाठ करून उभे राहिले. डोक्यावरून टॉवेल घेऊन कान बांधून घेतले.

"आता वाजवा."

वाजवला.

"वाजवा की!"

"वाजवला, मालक!"

"मग मला कसा नाही आला ऐकू?" टॉवेल सोडत ते म्हणाले, "हॉर्न पुढं लावलाय तुम्ही. मेलेलं माणूस पुढं कुठं असतं? मागं असतं."

कुणीतरी हसलं. दासप्पा हसले नाहीत. त्यांच्या खाणीतून गावची वाट जात होती. थंडीच्या दिवसांत सकाळी बायका कान बांधून सरपणाला जायच्या आणि गाडी मागं घेताना ड्रायव्हरला त्या दिसायच्या नाहीत. त्यातली एक त्यांच्या सालदाराची बायको होती. एवढंच सांगून ते पुन्हा गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. तीन हॉर्न आणून मागच्या बाजूला लावून दाखवले. दासप्पांनी टॉवेल बांधून दोन नापास केले. तिसऱ्याला नुसती मान हलवली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक गाडीला मागच्या बाजूला वेगळा हॉर्न जायला लागला. कॅटलॉगात त्याच्यापुढं मी कुणाचं नाव लिहू शकलो नाही, पण माझ्या मनात तो दासप्पांचाच हॉर्न आहे.

एवढं शिकलेला माणूस पुढची चूक कशी करतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या काळी नवी गाडी घेणारी खाण आपले एक-दोन ड्रायव्हर आमच्याकडं पंधरा दिवस शिकायला पाठवायची. दसऱ्याच्या सुमारास संडूरकडच्या खाणीच्या सहा गाड्या तयार झाल्या आणि नरसोजीराव आले. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, मिशा भरघोस, अंगावर इस्त्रीचा खाकी शर्ट. आयुधपूजेच्या दिवशी कारखान्यात सगळ्या मशीनना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. मी आमच्या कॅल्क्युलेटरला कुंकू लावून बाहेर आलो तर नरसोजीराव आपल्या गाडीच्या टायरखाली लिंबू ठेवत होते. टायर त्यांच्या डोक्याच्या वर. लिंबू ठेवून उठताना त्यांनी टायरला थोपटलं आणि हळूच म्हणाले, "चल बये, नीट ऱ्हा."

मी चमकलो. "तुम्ही मराठी?"

"मराठेच की साहेब आम्ही. खापरपणजा घोड्यावर होता म्हणं. मी याच्यावर हाय." त्यांनी गाडीकडं बोट केलं. "तुम्ही?"

"मी पिरियापट्टणचा. नवले. शिंपी."

"बरं झालं. पंधरा दिस कानडी नि इंग्लिश ऐकून जीभ वाळली माझी."

पूजा झाली की अर्धी सुट्टी असते. म्हैसुरात नजरबादेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी त्यांना जेवायला घेऊन गेलो. सुमननं पुरणपोळ्या केल्या होत्या. ते त्यांना होळिगे म्हणत, तिनं दुरुस्त केलं, त्यांनी ऐकलं नाही.

"अक्का, आणखी एक होळिगे घाला."

"मी तुमच्यापेक्षा लहान आहे हो. अक्का काय म्हणता?"

"वाढणारी अक्काच असती."

सुमन त्यांच्यासमोर बसली आणि तिनं विचारलं, "एवढी मोठी गाडी चालवताना भीती नाही वाटत?"

नरसोजीरावांनी घास खाली ठेवला. "चढताना काय भीती अक्का, रिकामी असती. भरून उतरताना मात्र देव आठवतो. दुसऱ्यांची खाण पाताळात, आमची आकाशात. वरनं लोखंड आणायचं नि खाली आणून टाकायचं. दिसभर उतारच उतार."

"आकाशात!" असं म्हणून मी हसलो आणि त्यांच्या पानात तूप वाढलं.

बस्स. एवढंच झालं. त्यातला धोका कळावा म्हणून आता थोडं यंत्राचं सांगतो.

भरलेला डंपर उतारावरून आणायचा तर नुसत्या ब्रेकवर आणता येत नाही. ब्रेक जळतात. म्हणून चाकांत वेगळी सोय असते. तेलात बुडवलेल्या चकत्या एकमेकींवर घासतात आणि गाडीचा वेग धरून ठेवतात. त्यानं जी उष्णता होते ती तेल घेतं, आणि ते तेल थंड करायला एक कूलर असतो. आपण गरम कॉफी लोट्यातून वाटीत ओतून निववतो ना, तसंच. वाटी लहान असेल तर कॉफी निवत नाही, आणि गडबडीत हात भाजतो. त्या कूलरचे तीन आकार होते: लहान, मधला, मोठा.

तोवर आमच्या या मोठ्या गाड्या कोळशाच्या खाणींतच जात होत्या. कोळशाची खाण म्हणजे खड्डा. गाडी रिकामी उतरते आणि भरून चढते. रिकाम्या गाडीला उतरताना मधला कूलर भरपूर होतो. आमच्या छापील फॉर्ममध्ये रस्त्याच्या उताराला एकच रकाना होता: शंभर फुटांना किती फूट. संडूरच्या खाणीनं तिथं आकडा लिहिला होता, तो बरोबरही होता. भरलेली गाडी त्या रस्त्यानं चढते की उतरते, हे आम्ही विचारलंच नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. मी मधला कूलर निवडला आणि सही केली. आणि ज्या एकमेव माणसानं मला ती गोष्ट स्पष्ट मराठीत सांगितली, त्याच्या पानात मी तूप वाढलं. मला वाटलं तो घरगुती गप्पा मारतोय. कामाची माहिती फॉर्मवर येते, जेवताना येत नाही, असं माझ्या शिकलेल्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

सात महिन्यांनी ट्रंक कॉल आला. एक गाडी उतारावरून सुटली होती. ड्रायव्हर नरसोजीराव मोहिते. खाली माल उतरवायच्या जागी माणसं होती. तिसऱ्या वळणानंतर गाडी धरत नाही हे कळल्यावर त्यांनी दरीची बाजू सोडून गाडी डोंगराच्या कुशीत घातली. गाडी घासत गेली आणि आडवी झाली. खालच्या कुणाला ओरखडाही आला नाही. त्यांचा मात्र डावा पाय दोन ठिकाणी मोडला. खाणीनं त्यांना निलंबित करून चौकशी लावली होती. आरोप असा की गाडी बेफाम वेगानं आणली.

आमचे मुख्य गोपालस्वामी साहेब आणि मी गेलो. साहेब कागद बघत बसले आणि मी एका भरलेल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून, दोनच्या गिअरात, डोंगर उतरलो. समोर तेलाच्या उष्णतेचा काटा होता. पहिल्या वळणाला तो हिरव्यात, दुसऱ्याला पिवळ्यात. तिसऱ्या वळणाच्या आधीच लाल.

"हा काटा लाल झालाय," मी ओरडलो.

"सगळ्या नव्या गाड्यांचा होतोय सर," तो शांतपणे म्हणाला. "मेकॅनिक म्हणाला, काटाच खराब आलाय फॅक्टरीतून."

काटा खराब नव्हता. पायथ्याला पोचेपर्यंत मला सगळं समजलं होतं. खाली उतरलो आणि तिथंच जमिनीवर बसलो. त्या ड्रायव्हरला वाटलं साहेब गाडीला घाबरला. त्यानं मला पाणी दिलं.

संध्याकाळी इस्पितळात गेलो. नरसोजीरावांचा पाय वर टांगलेला. मिशा तशाच.

"या साहेब. अक्का बऱ्या हायत?"

"बऱ्या आहेत. तुमचं कसं?"

"पाय गेला तर गेला. गाडी कशी हाय?"

मी खाटेसमोरचं स्टूल ओढून बसलो. ते थोडं पुढं झाले. "साहेब, मी दोनच्या गिअरात होतो. आईशप्पथ. ही पोरं तीनमध्ये आणतात, मी न्हाई. धरलेली गाडी एकाएकी हातात मऊ झाली, लोण्यागत. तुम्ही नोकरीचं काय बी करा. पण नरसोजीनं उतारावर गाडी सोडली असं तेवढं लिहू नका. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं हायत इथं."

तिथं, त्या स्टुलावर, मला सांगता आलं असतं. कूलर लहान पडला, तो मी निवडला. वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हणालो, "विश्रांती घ्या," आणि उठलो.

म्हैसूरला परतल्यावर गोपालस्वामी साहेबांना मी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. मला त्यांनीच हाताला धरून काम शिकवलं होतं.

"एनप्पा पांडुरंग," काय रे म्हणावं तसं ते कानडीत म्हणाले, "चालकाच्या पुस्तकात काय छापलंय? तीव्र उतारावर पहिला गिअर वापरावा. बरोबर?"

"बरोबर सर. पण पहिल्या गिअरात तिथं कुणीच आणत नाही. आणली तर दिवसाच्या निम्म्या फेऱ्या होतील."

"ते आपण म्हणत नाही. आपण एवढंच लिहू: गाडी पहिल्या गिअरमध्ये नव्हती. खोटं एक अक्षर नाही. कूलर पुढच्या गाड्यांना आपण गुपचूप मोठा लावू. तुझं वय किती? एकोणतीस. सगळं आयुष्य पडलंय."

मी सही केली. माझ्या नोकरीतली ती एकच सही मला आजही डोळ्यांसमोर दिसते, कारण वाक्य खरं होतं आणि त्या खऱ्या वाक्यानं एक माणूस बुडणार होता.

तीन आठवड्यांनी चौकशीच्या कामकाजाची टाइप केलेली प्रत आमच्या विभागात आली. चौकशी अधिकाऱ्यानं नरसोजीरावांना बरंच विचारलं होतं. त्यात एक प्रश्न होता: आपल्या खाणीतून भरलेली गाडी उतरते, ही गोष्ट प्रशिक्षणाच्या वेळी आपण कारखान्याच्या कुणा अधिकाऱ्याला सांगितली होती का? साधा प्रश्न. "हो" म्हटलं की दोष गाडीच्या निवडीकडं वळला असता, माझ्या टेबलापर्यंत आला असता.

उत्तर असं होतं: नाही. कुणालाही नाही.

मी ती ओळ परत परत वाचली. मग प्रत पिशवीत घालून घरी नेली, जे नियमात बसत नव्हतं. सुमन मोगरा निवडत बसली होती. तिला वाचून दाखवलं.

"हे खोटं आहे," ती लगेच म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं. आकाशात खाण म्हणाले होते. मीच विचारलं होतं ना, भीती वाटते का म्हणून?"

"हो."

"मग नाही का म्हणाले?"

मोगऱ्याची कळी तिच्या हातात तशीच राहिली. मग तिची तीच हळू आवाजात म्हणाली, "आपल्याकडं जेवले म्हणून. तुमचं नाव येईल म्हणून."

मला वाटतं, त्या क्षणापर्यंत मी स्वतःला घाबरट समजत होतो. त्यानंतर मला कळलं की मी त्याहून वाईट होतो. पाय मोडलेला, नोकरी जाऊ घातलेला माणूस माझ्यावर पांघरूण घालत होता, आणि मी त्या पांघरुणात आरामात पडलो होतो.

"आता काय करणार?" सुमननं विचारलं.

"खरं लिहीन. माझ्या नोकरीवर बेतेल कदाचित."

"मिरजेला माझ्या भावाचं दुकान आहे," ती म्हणाली. "पुड्या बांधायला माणूस लागतो त्याला." आणि मग रडायला लागली. मीही.

दुसऱ्या दिवशी गोपालस्वामी साहेबांना म्हटलं, मला दुसरा अहवाल लिहायचा आहे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पहिल्यावर तुझी सही आहे. दुसरा लिहिलास तर पहिला खोटा ठरतो, आणि त्यावर माझीही सही आहे." मी उभाच राहिलो. शेवटी ते म्हणाले, "उरलेल्या पाच गाड्यांचे कूलर बदला, अशी सूचना आजच टाइप कर. त्यावर मी सही करतो. त्या गाड्यांवरच्या माणसांचे जीव आधी वाचू देत. अहवालाचं तुझं तू बघ. मी तुला अडवणार नाही, आणि तुझ्याबरोबर येणारही नाही."

त्या माणसानं आपल्याकडून जेवढं देता येईल तेवढं दिलं, असं मी आज मानतो.

मी दुसरा अहवाल लिहिला आणि त्याच दिवशी नरसोजीरावांना पत्र लिहिलं. पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण पत्रानंतर मला काही लिहायचं नाही. चौकशी पुन्हा उघडली. नरसोजीरावांवरचा आरोप काढून घेतला. पाय पुरता वाकेना म्हणून गाडी चालवणं सुटलं, पण खाणीनं त्यांना नव्या ड्रायव्हरांना डोंगर शिकवायच्या कामावर घेतलं. कूलर बदलले. आमच्या फॉर्मवर एक नवा रकाना आला: भरलेली गाडी चढते की उतरते? मला निवडीच्या कामावरून काढून सुट्या भागांची यादी छापणाऱ्या विभागात टाकलं. तिथं मी चार वर्षं बोल्टांचे नंबर तपासले. माझ्यामागून आलेले पुढं गेले. वाईट वाटलं, नाही कसं? वडिलांना मी बदलीचं कारण कधीच सांगितलं नाही. नंतर परत जुन्या खोलीत आलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिलो. मात्र शिकायला येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मी आधी चहाला बसवायचो आणि म्हणायचो, तुमच्या खाणीचं सांगा. वहीपेन्सिल घेऊन.

पत्राला उत्तर आलं नाही. आम्ही पुन्हा भेटलोही नाही. कारणं मी बरीच काढत असे, खरं म्हणजे तोंड दाखवायचा धीर झाला नाही. पण त्या खाणीची माणसं दर दोन-तीन वर्षांनी शिकायला यायची, आणि आल्या आल्या त्यातलं कुणीतरी विचारायचं, "नवले सर कोण? मोहिते मामांनी सांगितलंय, त्यांना सगळं सांगा म्हणून." मला तेवढं उत्तर पुरायचं.

नरसोजीराव काही वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मुलीनं त्यांच्या ट्रंकेत सापडलेलं माझं पत्र मला पाठवून दिलं. घड्यांवर फाटलंय, कोपऱ्यावर चौकशी कचेरीचा शिक्का आहे. चौकशीत चालावं म्हणून ते मी कानडीत लिहिलं होतं. इथं मराठीत उतरवतो.

"श्री. नरसोजीराव मोहिते यांस, पांडुरंग नवले याचा नमस्कार.

इस्पितळात मी तुम्हाला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. आता लिहून कळवतो.

तुम्ही गाडी सोडली नाही. गाडीनं तुम्हाला सोडलं. तेल थंड करणारा कूलर त्या उताराला लहान पडला. तेल उकळलं, सील गेले आणि गाडी मऊ झाली. तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. तो कूलर मी निवडला. दुसऱ्या कुणी नाही. मी स्वतः भरलेल्या गाडीत बसून उतरलो आहे आणि दोनच्या गिअरात काटा लाल झालेला या डोळ्यांनी पाहिला आहे. आधीच्या अहवालात मी हे लिहिलं नाही. आज लिहून पाठवलं आहे.

तुमच्या हाताखालच्या पोरांना हे पत्र वाचून दाखवा. दोनच्या गिअरात, उतारावर, धरण्याची सोय गेल्यावर जे करणं शक्य होतं ते सगळं तुम्ही केलंत. खालची माणसं त्यामुळे आपल्या घरी गेली.

चौकशीची प्रत मी वाचली. तुम्ही 'कुणालाही नाही' असं उत्तर दिलंत. का दिलंत ते मला समजलं. सुमनलाही समजलं. तिनं तुम्हाला नमस्कार सांगितला आहे आणि म्हणाली आहे की जेवायला वाढणाऱ्यानं असली फेड घ्यायची नसते.

तुम्हाला पुन्हा बोलावतील तेव्हा तोच प्रश्न विचारतील. तेव्हा खरं सांगा. आयुधपूजेच्या दिवशी नजरबादेत नवल्यांच्या घरी जेवताना मी सांगितलं होतं, असं म्हणा. मी हसलो होतो, तेही सांगा. माझं पूर्ण नाव घ्या: पांडुरंग रामचंद्र नवले. हे पत्र त्यांच्यापुढं ठेवा. मला बोलावलं तर मी येईन आणि त्यांच्यासमोर हो म्हणेन.

पाय सांभाळा.

आपला,
पांडुरंग"